घोडा बोलतोय, पण आपण ऐकतोय कुणाचं?

नाशिकहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. ज्यांना हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि मध्येच भुंकलेला शेजारचा कुत्रा, एवढं काढून टाकलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. एका श्रोतीने विचारलंय, "ताई, माझा कुत्रा महिनाभर उदास आहे. ॲनिमल कम्युनिकेटरचं सेशन घेऊ का? त्यांना खरंच कळतं का हो?"

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ॲनिमल कम्युनिकेटर म्हणजे प्राण्यांशी मनातल्या मनात बोलता येतं असं सांगणारी व्यक्ती. तुम्ही व्हॉट्सॲपवर कुत्र्याचा किंवा मांजराचा फोटो पाठवायचा, नाव-वय सांगायचं, दोन-चार प्रश्न द्यायचे. ती व्यक्ती शांत बसते, 'कनेक्ट' होते आणि मग फोनवर सांगते की तुमचा मोती काय म्हणतोय. कुणी याला टेलिपथी म्हणतं, कुणी ऊर्जा, कुणी अंतर्ज्ञान. घोड्यांसाठीही हे चालतं. घोडा अचानक खोगीर ठेवू देईना, लगाम घालू देईना, की काही मालक तबेल्यात अशी माणसं बोलावतात.

मी प्राण्यांची डॉक्टर नाही. बी.टेक. केलंय आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी सिस्टीम बरोबर उत्तर देत असली, तरी आम्ही विचारतो, "हे उत्तर आलं कुठून?" चुकीच्या जागेवरून आलेलं बरोबर उत्तर कधीतरी घात करतं. आज तोच प्रश्न घेऊन बोलणार आहे. आणि सुरुवात करणार आहे एका घोड्यापासून, कारण या प्रश्नाचा सगळ्यात चांगला तपास एका घोड्यावरच झालाय.

गोष्ट आहे बर्लिनची, साल १९०४. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. त्यांच्या घोड्याचं नाव हान्स. लोक त्याला 'हुशार हान्स' म्हणायचे. मास्तरांनी त्याला लहान मुलासारखं, फळ्यावर लिहून शिकवलं होतं. "तीन अधिक चार किती?" विचारलं की हान्स टाप आपटायचा, सात वेळा, आणि थांबायचा. अपूर्णांक, तारखा, घड्याळातली वेळ, सगळं सांगायचा. गर्दी लोटायची. मास्तर एक पैसा घेत नव्हते, हे महत्त्वाचं. माणूस प्रामाणिक होता.

सरकारी पातळीवर दखल घेतली गेली. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने १३ जणांची समिती बसली. त्यात पशुवैद्य होते, सर्कशीचा मॅनेजर होता, घोडदळातला अधिकारी होता. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, की यात लबाडी नाही.

मग पुढचा तपास ऑस्कर फुंगस्ट नावाच्या तरुणाकडे आला. त्याने जे केलं ते आम्ही टेस्टिंगमध्ये रोज करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. त्याने प्रश्न असा विचारवला की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही. हान्स चुकला. परत विचारवला, पुन्हा चुकला. मग घोड्याला झापडं लावली, म्हणजे विचारणारा माणूस त्याला दिसेना. हान्स पुन्हा गोंधळला. उत्तर माहीत असलेला माणूस समोर दिसत असला की मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर.

मग गोम कुठे होती? प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे झुकायचा आणि टापेकडे बघायचा. टापा मोजत बरोबर आकड्यावर आलं की त्याचं डोकं केसभर वर उचललं जायचं. इतकं थोडं, की बाजूला उभ्या असलेल्या माणसांना दिसत नव्हतं. हान्सला दिसायचं. तो तिथे थांबायचा. फुंगस्टला हे कळल्यावरही स्वतःचं डोकं पूर्णपणे स्थिर ठेवणं अवघड गेलं.

पुढचा भाग तर मला फारच आवडतो. फुंगस्टने नंतर प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची भूमिका घेतली. समोरच्याने मनात आकडा धरायचा आणि फुंगस्टने टेबलावर टिचक्या मारायच्या. समोरच्याचं डोकं हललं की थांबायचं. बहुतेक माणसांच्या मनातला आकडा त्याने असा ओळखला. एक शब्द न बोलता! त्या माणसांना वाटलं असेल, याला मनातलं कळतं.

आता सांगा, या गोष्टीत प्राण्याशी बोलणारा माणूस कोण? मास्तरांना वाटत होतं ते घोड्याशी बोलतायत. प्रत्यक्षात घोडा माणसांना वाचत होता. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणूस इतका बारकाईने वाचायला समितीतल्या एकालाही जमलं नव्हतं.

आमच्या क्षेत्रात आजही हान्सचं नाव घेतात. फोटोत घोडा आहे की नाही हे ओळखणारं एक मॉडेल होतं. निकाल चांगले यायचे. २०१९ साली काही संशोधकांनी ते उघडून बघितलं, की हे मॉडेल फोटोत नेमकं बघतंय कुठे. तर ते घोड्याकडे बघतच नव्हतं! घोड्यांच्या बऱ्याच फोटोंवर खालच्या कोपऱ्यात फोटो कुठून आला त्याची छोटी ओळ छापलेली होती. मॉडेल ती ओळ बघून सांगायचं, "घोडा". मोटारीच्या फोटोवर तीच ओळ चिकटवली तर मोटारीलाही घोडा म्हणायचं. अशा मॉडेलना 'क्लेव्हर हान्स' मॉडेल म्हणतात.

आता फोटोवरून होणाऱ्या सेशनकडे वळू. तिथे माहिती कुठून येते? तुम्ही फोटो पाठवता. फोटोत घर दिसतं, कुत्र्याचं वजन दिसतं, वय दिसतं, गळ्यातला पट्टा दिसतो. तुम्ही प्रश्न पाठवता, "तो हल्ली उदास का असतो?" त्यातून घरात काहीतरी बदललंय हे कळतं. मग फोनवर ती व्यक्ती म्हणते, "त्याला घरातल्या एका माणसाची फार आठवण येतेय." तुम्ही लगेच, "हो हो, दादा बंगळुरूला गेलाय ना!" दादाचं नाव तुम्हीच दिलंत. चार दिवसांनी मैत्रिणीला सांगताना मात्र आठवतं, "अगं, तिने दादाचं बरोबर सांगितलं."

यात कुणी लबाडी करतंय असं मी म्हणत नाही. मास्तर फॉन ओस्टेनही लबाड नव्हते. बरेच कम्युनिकेटर मनापासून प्राण्यांवर प्रेम करणारे असतात. पण प्रामाणिक असणं वेगळं आणि माहिती बरोबर ठिकाणाहून येणं वेगळं.

टेलिपथीची थेट परीक्षाही झालीय. इंग्लंडमध्ये जेटी नावाचा एक टेरियर होता. मालकीण घरी यायला निघाली की त्याला कळतं आणि तो खिडकीत जाऊन बसतो, असं घरचे सांगायचे. रुपर्ट शेल्ड्रेक या संशोधकाने ते उचलून धरलं. मग रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी चार वेळा चाचणी घेतली. मालकिणीने परत निघण्याची वेळ आधी कुणालाच माहीत नाही, आणि इकडे खिडकीवर कॅमेरा. दिसलं असं, की जेटी खिडकीत वरचेवर जायचा. रस्त्यावरून कुणी गेलं तरी जायचा. त्यातली मालकिणीच्या वेळेशी जुळलेली फेरी तेवढी लक्षात राहायची. १९९८ साली हे प्रसिद्ध झालं. शेल्ड्रेक यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता, तेही सांगायला हवं. पण ज्या क्षणी तो उठला त्याच क्षणी मालकीण निघाली, हा दावा काही त्या चार चाचण्यांत टिकला नाही.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, "म्हणजे प्राणी बोलत नाहीत का?" अहो, बोलतात की! सतत बोलतात. आणि आपल्या मराठीला हे फार आधीपासून माहीत आहे. कान टवकारणं, शेपूट घालणं, अंग चोरणं, बुजणं, उधळणं, गुरगुरणं. हे शब्द आज आपण माणसांसाठी वापरतो, पण ते आलेत गोठ्यातून आणि तबेल्यातून. कुणीतरी जनावराकडे रोज बघत होतं, म्हणून 'बुजणं' आणि 'उधळणं' असे दोन वेगळे शब्द झाले. बुजणं आधी येतं. ते ज्याला दिसलं, त्याचा घोडा सहसा उधळत नाही.

गेल्या डिसेंबरात मी मामाबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरते. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, नाचणाऱ्या घोड्या, रेवाल चालीचे घोडे. तिथे घेणारा आधी काय बघतो माहितेय? भोवरे. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठे आहे, गळ्याला देवमण आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं म्हणजे पंचकल्याणी आहे का. शुभ काय, अशुभ काय. यावर किंमत वर-खाली होते.

एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला मी विचारलं, "बाबा, तुम्ही घोडा कसा पारखता?" ते म्हणाले, "ताई, भोवरा गिऱ्हाईकासाठी. मी आधी लांब उभा राहून बघतो. कान कुठं आहेत, कुठल्या पायावर भार टाकत नाही, चंदी कशी खातो. मग जवळ जातो."

मला हे फार पटलं. भोवरा मालकाचं नशीब सांगतो म्हणे. कान घोड्याचं सांगतात. फोटोवरून होणारं सेशन मला भोवऱ्याच्या जातीचं वाटतं. त्यात सगळं तुमच्याबद्दल असतं. तुमचं नातं, तुमचा अपराधीपणा, तुमचं घर.

त्या बाबांची नजर आता विज्ञानानेही कागदावर उतरवलीय. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी केली. सहा गोष्टी बघायच्या. कान ताठ मागे गेलेत का. पापण्या आवळल्यात का. डोळ्याच्या वरचा भाग ताणलाय का. चावायचे स्नायू उठून दिसतायत का. ओठ आवळून हनुवटी ताठ झालीय का. नाकपुड्या ताणल्यात का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज जितकी जास्त तितकी वेदना जास्त. मांजरांसाठी अशीच पट्टी २०१९ मध्ये माँट्रियलला तयार झाली. कान, डोळे, नाक-तोंडाचा भाग, मिशा आणि डोकं कुठे धरलंय, अशा पाच गोष्टी. फोनवर फोटो काढून कुणीही शिकू शकतं.

आणि घोड्याला प्रश्न विचारून त्याचं उत्तर घ्यायचं असेल तर? तेही झालंय. नॉर्वेत २३ घोड्यांना तीन फळ्या शिकवल्या. एका फळीवर आडवी पट्टी, म्हणजे "अंगावर पांघरूण घाला". दुसरीवर उभी पट्टी, म्हणजे "पांघरूण काढा". तिसरी कोरी, म्हणजे "आहे तसं राहू द्या". रोज १०-१५ मिनिटं शिकवून दोन आठवड्यांच्या आत सगळे २३ घोडे शिकले. मग त्यांना मोकळेपणाने विचारलं. थंडी-वारा-पाऊस असला की ते पांघरूण मागायचे. ऊन असलं की काढायला सांगायचे. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे निफाडचा पारा उतरला की दर हिवाळ्यात बातमी होते. तिथल्या घोड्याला कुणी असं विचारलं तर तो काय सांगेल, मला ऐकायला आवडेल.

या प्रयोगातली गंमत बघा. उत्तर घोड्याच्या नाकाने फळीला लागून येतं. ते हवामानाप्रमाणे बदलतं. मालकाला काय वाटतं याच्यावर ते अवलंबून नाही. आणि दुसरी गोष्ट, माणसांनी ते उत्तर मानलं. घोडा "काढा" म्हणाला तर काढलं. ऐकणं म्हणजे एवढंच.

आता ज्या घोड्याला तुम्ही-आम्ही सगळे भेटतो त्याच्याकडे येऊ. वरातीतली घोडी. लग्नसराई आली की गल्लोगल्ली दिसते. पुढे डीजे, बाजूला फटाके, पाठीवर नवरदेव आणि करवला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त थेट पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. म्हणून मागून जाऊन तिला हात लावू नका. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला ३३ हजारांच्या आसपास. आणि घोडा मूळचा पळून जीव वाचवणारा प्राणी. तिथे त्याला पळता येत नाही.

मग ती घोडी काय बोलते? मान उंच ताठ करते. डोळ्यातलं पांढरं दिसायला लागतं. नाकपुड्या फाकतात. शेपूट आत दाबून धरते. पाय जागच्या जागी उचलते. मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना वाटतं, घोडी नाचतेय! काही घोड्यांना नाच शिकवलेला असतो हे खरं, पण ही खूण वेगळी ओळखता येते. त्या क्षणी करवल्याने डीजेवाल्याला हात करून आवाज कमी करायला सांगितला, तर त्याने घोडीचं बोलणं ऐकलं असं मी म्हणेन. त्यासाठी टेलिपथी लागत नाही. घोडेवाल्या दादाला विचारा, तो आधीपासून सांगत असतो. त्याचं कुणी ऐकत नाही.

आता मुख्य मुद्दा. "बरं वाटतं ना, मग काय बिघडलं सेशन घेतलं तर?" असं मला बऱ्याच जणांनी म्हटलंय. काय बिघडतं ते सांगते. नावं बाजूला ठेवते.

माझ्या टीममधल्या एकाकडे बोका आहे, चिकू. घरात बाळ आलं आणि दोन महिन्यांनी चिकू गादीवर, बाळाच्या कपड्यांवर थोडी थोडी लघवी करायला लागला. वहिनींनी फोटोवरून एक सेशन घेतलं. साडेतीन हजार रुपये. निरोप आला, "त्याला वाटतंय त्याची जागा गेली. तो निषेध करतोय. त्याला वेळ द्या." ऐकायला किती बरोबर! दोघांनाही वाईट वाटलं. नवी खेळणी आणली, रात्री त्याला जवळ घेऊन बसू लागले.

तीन दिवसांनी सिन्नरहून आई आल्या. घरात आयुष्यभर गाई-म्हशी. आल्या आल्या चिकूला मातीच्या ट्रेमध्ये बसलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, हा रुसलेला नाही. हा कुंथतोय. लघवी होत नाहीये त्याला." बस्स, एक मिनिटही नसेल लागलं. रात्री साडेदहाला दवाखान्यात नेलं. मूत्रमार्ग बंद झाला होता. नळी घालून मूत्राशय मोकळं केलं, तीन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर किडन्या गेल्या असत्या, बोका हाती लागला नसता.

चिकू आज ठणठणीत आहे. पण त्या तीन दिवसांचा विचार करा. तो बोलत होता. दर दोन तासांनी ट्रेमध्ये जात होता, ओरडत होता, स्वतःला चाटत होता. सगळं समोर घडत होतं. पण घरात उत्तर आधीच आलेलं होतं, त्यामुळे प्रश्न बंद झाला होता. आणि ते उत्तर अगदीच हवेतलंही नव्हतं. घरातल्या ताणामुळे मांजरांना लघवीचा त्रास होतो, हे डॉक्टरही सांगतात. म्हणून तर पटलं. पटणारं उत्तर मिळालं की माणूस जनावराकडे बघायचं थांबवतो. बिघडतं ते इथे.

घोड्यांमध्ये तर वेळ याहून कमी असतो. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला की तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो, बसतो, उठतो, लोळतो, घाम येतो, लीद बंद होते. ही लक्षणं दिसली तर तासांचा खेळ असतो. त्या वेळी "तो जुन्या मालकाच्या आठवणीने अस्वस्थ आहे" हे वाक्य कितीही गोड असलं तरी महाग पडतं.

म्हणून माझा साधा नियम. वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासायचं, मन नंतर. बोका वारंवार ट्रेमध्ये जातोय आणि लघवी होत नाही, तर रात्र असो की रविवार, डॉक्टर. कुत्र्याने खाणं सोडलं, जिना चढेना, हात लावला की वळून बघतो, तर डॉक्टर. घोड्याने खोगीर नाकारलं तर आधी पाठ, दात, नाल आणि खोगिराचं माप. गावाकडे गाय, बैल, घोडा असेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर सेव्ह करून ठेवा, पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा आहे.

डॉक्टरांनी सगळं बघितलं, काही सापडलं नाही आणि तरीही तुम्हाला सेशन घ्यायचंय? घ्या, पैसे तुमचे आहेत. पण फुंगस्टसारखं घ्या. फोटो अशा मैत्रिणीकडून पाठवा, जिला तुमच्या कुत्र्याबद्दल काहीच माहीत नाही. फोनवर तिनेच बोलायचं, म्हणजे चेहरा, आवाज, "हो हो" काहीच सुटणार नाही. प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर तपासता येतं. तो रात्री कुठे झोपतो? त्याला कुठल्या आवाजाची भीती वाटते? उत्तरं लिहून घ्या आणि मग जुळवा. आणखी एक, तोच फोटो दुसऱ्या कम्युनिकेटरला पाठवा आणि दोघांची उत्तरं शेजारी ठेवा. बोलणारा कुत्रा एकच असेल तर दोघांना साधारण एकच ऐकू यायला हवं ना?

आता थोडं नाजूक बोलते. सेशन घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्राणी गेलेला असतो. त्यांना एवढंच ऐकायचं असतं, "त्याने तुम्हाला माफ केलंय." मी यावर हसणार नाही. घरातलं कुत्रं जातं तेव्हा ऑफिसात सुट्टी मागायलाही लाज वाटते, रडायला जागा नसते. कुणीतरी तासभर तुमच्या मोतीबद्दल प्रेमाने बोललं तर बरं वाटणारच.

पण माफीबद्दल एक गोष्ट सांगते. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर एक प्रयोग केला. खाऊ खाऊ नको सांगून मालक खोलीबाहेर. कधी कुत्रा खायचा, कधी नाही. कधी मालकाला खरं सांगायचे, कधी खोटं. तर कुत्र्याचा तो अपराधी चेहरा, कान पाडून खाली बघणं, त्याने खाऊ खाल्ला की नाही याच्यावर अवलंबून नव्हतं. मालक रागावला की तो चेहरा यायचा. काहीच न केलेला कुत्राही रागावल्यावर तसाच चेहरा करायचा.

म्हणजे अपराधाचा हिशेब आपण त्यांच्या चेहऱ्यावर लिहितो. ते आपला राग वाचत असतात, हान्स डोकं वाचायचा तसं. मग ज्यांना वाटतंय की "शेवटच्या दिवसांत मी त्याला वेळ दिला नाही, तो रागावून गेला", त्यांना मी एवढंच सांगेन की हा हिशेब तुमचा आहे. तो हलका करायला घरचं माणूस, मित्र, गरज पडली तर समुपदेशक आहे. त्यासाठी मेलेल्या कुत्र्याच्या तोंडी वाक्यं घालायची गरज नाही.

शेवटी त्या श्रोतीला उत्तर. ताई, महिनाभर उदास म्हणजे आधी रक्त तपासणी आणि दात-सांधे दाखवून घे. आणि आजपासून सात दिवस एक काम कर. रोज दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याच्याकडे नुसतं बघ. कान कुठे, शेपूट कशी, कुठल्या कुशीवर झोपतो, उठताना कुठला पाय आधी टेकवतो, पाणी किती पितो. वहीत लिही. सातव्या दिवशी ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. फोटोपेक्षा ती वही त्यांना जास्त सांगेल. आणि काय निघालं ते मला नक्की कळव.

बाकीच्यांनाही हाच गृहपाठ. घरात प्राणी नसेल तर गल्लीतलं कुत्रं चालेल, येत्या लग्नातली घोडी चालेल. काय दिसलं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, त्यातल्या निवडक पुढच्या भागात ऐकवेन. तोवर काळजी घ्या, भेटूच!